एनसी लिहिली म्हणजे संपलं का?

"मॅडम, पोलिसांनी नुसती एनसी लिहिली. आता काही होणार नाही ना?" खुर्चीत टेकायच्या आतच तिनं विचारलं. मारहाणीनंतर आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेक बायकांचा पहिला प्रश्न हाच असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची पोलीस ठाण्यातली नोंद. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती घरोघरी पोळ्या लाटून देते. नळावरच्या भांडणात शेजाऱ्यानं मुलासमोर तिचा हात पिरगळला आणि ढकलून दिलं. ती सहा दिवसांनी आली. हाताला क्रेप बँडेज होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एनसीची प्रत आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर, दोन्हींच्या घड्या पडलेल्या.

केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'एक्स-रे'. तो काढलाच नव्हता. "पोरगा घरी एकटा होता, लाइन मोठी होती," ती म्हणाली. त्या दिवशी मी समुपदेशन वगैरे काही केलं नाही. आधी एक्स-रे काढून यायला सांगितलं. करंगळीखालचं हाड मोडलेलं निघालं.

साधी दुखापत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून कागद तिथेच पडून राहतो. पण हाड मोडलं की ती गंभीर दुखापत होते, कलम 117(2), सात वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस त्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. हाड मोडलं नसतं तरी, दुखापतीमुळे पंधरा दिवस नेहमीचं काम करता आलं नाही तर तीही गंभीर दुखापतच. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हे वीस दिवस होते. पोळ्या लाटणाऱ्या हाताच्या बाबतीत हा हिशेब फार महत्त्वाचा.

आम्ही एक्स-रेचा रिपोर्ट जोडून एफआयआर नोंदवण्यासाठी अर्ज लिहिला. सहा दिवस उशीर का झाला, तेही एका ओळीत लिहिलं. उशिरामुळे तक्रार बाद होत नाही, पण कारण न लिहिल्यास पुढे वकील त्यावरच बोट ठेवतो. ठाण्यात आधी टोलवाटोलवी झाली. मग मी सांगितलं, घेत नसाल तर आम्ही अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवतो, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे लिहिलेलं आहे. एफआयआर नोंदला गेला, प्रत फुकट मिळाली. ती मागून घ्यावी लागली, हे सांगायला हवंच.

वकिलाच्या फीची तिला धास्ती होती. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन लावून दिला, पुढचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं पाहिलं.

पंधरवड्यानं ती पुन्हा आली, हात प्लॅस्टरमध्ये. शेजाऱ्याची बायको पैसे घेऊन घरी आली होती, "मिटवून टाका" म्हणत. कलम 115(2) असतं तर तिनं परस्पर मिटवलं असतं तरी चाललं असतं. आता कोर्टाची परवानगी लागेल, एवढं मी सांगितलं. मिटवायचं की नाही, ते तिनंच ठरवायचं होतं.

"आधी हात सुटू दे," ती म्हणाली. "मग बघते काय करायचं ते."