लंडनमधल्या जुन्या इमारतीतला क्लब वारसा दर्जामुळे वाचेल का?

तुमचे मित्र लंडनमध्ये ज्या जुन्या इमारतीत नाइटक्लब चालवतात तिच्यासमोर फ्लॅटचा टॉवर येणार आहे, तर इमारतीला वारसा दर्जा मिळवून क्लब वाचेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी लंडनमध्ये घरांच्या ध्वनिरोधनाचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की नुसत्या दर्जावर विसंबू नये. रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या लंडनमधल्या पबला २०१५ साली समलिंगी समाजाच्या इतिहासातील स्थानामुळे असा दर्जा मिळाला आणि ते योग्यच झाले. पण दर्जा भिंतींना मिळतो, भिंतींच्या आत रात्री दोन वाजता काय वाजावे याला नाही.

खरा धोका नव्या शेजाऱ्यांच्या झोपेचा आहे. इंग्लंडच्या कायद्यात 'आम्ही आधीपासून इथे आहोत, तुम्ही नंतर आलात' हा बचाव सहसा टिकत नाही आणि २०१४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या खटल्यात तेच पुन्हा स्पष्ट केले. त्यातून क्लबचा आवाज म्हणजे मुख्यतः 'बास', म्हणजे खर्जातला धमधम आवाज. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि बोलण्याचा आवाज सहज अडवणारी दुहेरी काच तिच्यापुढे फारशी उपयोगी पडत नाही.

म्हणून मिनिस्ट्री ऑफ साउंडचे उदाहरण तुमच्या मित्रांनी नीट अभ्यासावे. एलिफंट अँड कॅसल भागातल्या वापरात नसलेल्या बस गॅरेजमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या या क्लबसमोर आयलीन हाउसच्या जागी ४१ मजली टॉवरचा प्रस्ताव आला. सदर्क कौन्सिलने तो नाकारला, तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी निर्णय स्वतःकडे घेतला आणि अखेर २०१४ साली तडजोडीनंतर परवानगी मिळाली. तडजोड अशी की बिल्डरने ध्वनिरोधन वाढवायचे आणि त्या जमिनीवर क्लबच्या आवाजाचा सुविधाधिकार कायदेशीर दस्ताने नोंदवायचा. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून वाटेची वहिवाट असते, तशी ही आवाजाची वहिवाट (वकिलांना ही तुलना ढोबळ वाटेल, पण कल्पना तीच आहे). फ्लॅट घेणारा हा बोजा मान्य करूनच घर घेतो.

जुलै २०१८ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही असे आहे की जुन्या व्यवसायाशेजारी नवे बांधकाम करणाऱ्यानेच आवाजाचा बंदोबस्त करावा. मात्र हे धोरण परवानगी देताना विचारात घेतले जाते. घरे विकली गेल्यावर येणारी तक्रार ते आपोआप थांबवत नाही. त्यामुळे हरकतीची मुदत संपण्याआधी मित्रांनी स्वखर्चाने ध्वनिमापन करून घ्यावे, तेही शनिवारी मध्यरात्रीनंतर आणि नव्या खिडक्या जिथे येणार त्या बाजूला, आणि सुविधाधिकाराच्या दस्ताची मागणी परवानगीची अट म्हणून लेखी नोंदवावी. त्याआधी एकदा क्लबचा भाडेकरार काढून पाहावा. मुदत संपत आली असेल आणि मालकालाच जागा विकायची असेल, तर बिल्डरशी केलेला कोणताही दस्त उपयोगाचा नाही.