कार्यालय ठरवण्याआधी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लग्नासाठी ठाण्यातला घोडबंदर रोडचा लॉन, नवी मुंबईत नेरुळचा एसी हॉल की ठाण्यातच नौपाड्यातलं जुनं कार्यालय, यावर घरात एकमत होत नाहीये असं तू लिहिलंस. फोटो तिन्हींचे छान आहेत, पण ते रिकाम्या हॉलचे आहेत. कार्यालयाच्या बुकिंगचं काम मी बरीच वर्षं पाहिलं आहे. लोक स्टेज बघून पैसे भरतात आणि लग्नाच्या दिवशी वादावादी होते ती खोल्यांवरून, पाण्यावरून, जेवणाच्या रांगेवरून.

आधी वऱ्हाडाचा विचार कर. मुलाकडची मंडळी चिपळूणहून बसने येणार. मुंबई-गोवा महामार्गाने ती पनवेलजवळ पळस्प्याला पोचली की नेरुळ जवळ. ठाण्याला यायचं तर पुढे शिळफाटा-मुंब्रा किंवा ठाणे-बेलापूर रस्ता, म्हणजे ट्रॅफिकच्या हवाली. उलट तुमच्याकडचे बहुतेक पाहुणे ठाणे-डोंबिवलीचे, लोकलने येणारे. त्यांना नेरुळला ट्रान्सहार्बर लोकलने येता येतं, पण तुमचा मुहूर्त रविवारी दुपारचा, आणि रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक नेमका त्याच सुमाराला असतो. अक्षता टाकायला म्हणून निघालेला माणूस थेट जेवणाच्या पंगतीला पोचतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. घोडबंदर रोडचं मी वेगळं काय सांगू? तू रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातेस. तिकडचं काही आवडलंच तर रविवारी, मुहूर्ताच्या वेळेला, माजिवड्यापासून गाडीने जाऊन बघ आणि मगच बोल.

लॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमचं लग्न मे महिन्यात, दुपारी. मांडवाखाली पंखे लावले तरी शालू नेसून होमासमोर बसायचंय तुला. आणि संध्याकाळचं रिसेप्शन तिथेच ठेवलं तर रात्री 10 नंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर चालत नाही, हे तुझ्या भावाच्या मित्रांना आत्ताच सांगून ठेव.

एसी हॉलवाल्यांना पहिला प्रश्न होमाचा विचार. होम आत करू देतात का? काही ठिकाणी आगीच्या अलार्ममुळे नाही म्हणतात, मग बाहेर पॅसेजमध्ये कोपरा देतात. लाजाहोमाला तुम्ही दोघं, लाह्या द्यायला तुझा भाऊ, गुरुजी, फोटोग्राफर, वर कानपिळीची गंमत बघायला जमलेली चुलत-मावस भावंडं. एवढी माणसं त्या कोपऱ्यात मावणार कशी? सप्तपदी अंग चोरून चालायची का? लग्न म्हणजे हाच विधी गं, बाकी सगळी सजावट. त्याला हॉलची मधली जागा मिळालीच पाहिजे, यावर अडून बस.

मग खोल्या. वधूपक्षाची खोली आतून नीट बघ. नऊवारी नेसवायला दोघी तरी लागतात, त्यांना फिरायला जागा हवी, मोठा आरसा हवा, चांगला उजेड हवा आणि कडी आतून नीट लागायला हवी. बाथरूममध्ये कमोड आहे का ते पाहा. आजीला घेऊनच जा. तिचे गुडघे जे सांगतील ते मॅनेजर सांगणार नाही. जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट स्वतः चालवून बघ, आणि वीज गेली तर जनरेटरवर ती चालते का तेही विचार.

जेवणाचं थोडक्यात सांगते. केटरर त्यांचाच घ्यावा लागतो का, आणि बाहेरचा आणला तर वेगळे पैसे किती, ते विचार. किमान ताटांचा आकडा कमीत कमी लिहून घे, वाढवता नंतरही येतो. वडीलधाऱ्यांसाठी एक तरी पंगत बसवा. हातात डिश धरून उभ्याने जेवणं त्यांना जमत नाही आणि ते तसं बोलून दाखवत नाहीत.

माझा कौल नौपाड्याला आहे. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, होमाला मोकळी जागा, पंगतीची सोय. पार्किंगची मात्र बोंब आहे. म्हणून वऱ्हाडाची बस पाहुण्यांना दारात उतरवून कुठे उभी राहणार, हे कार्यालयवाल्यांकडून आधीच पक्कं करून घे. चिपळूणकरांना आदल्या दिवशीच बोलवा. सीमांतपूजन संध्याकाळी होईल, रात्रीचा मुक्काम तिथेच, म्हणजे सकाळची धावपळ वाचेल. त्यासाठी हॉल आदल्या दिवशी किती वाजता ताब्यात मिळतो आणि लग्नाच्या दिवशी किती वाजता सोडायचा, या दोन्ही वेळा पावतीवर लिहून घे. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि तारीख बदलली तर किती पैसे कापणार, हेही त्याच पावतीवर. तोंडी शब्दावर ॲडव्हान्स देऊ नकोस, माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

या रविवारी आजीला घेऊन जाऊन ये. तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न चालू असेल तर उत्तमच, दारातून पाच मिनिटं गर्दी कशी हलते ते बघ. संध्याकाळी मला फोन कर, पावती करण्याआधी.

तुझी,
मावशी