विंडोचे शीर्षक सतत बदलत असेल, तर स्क्रिप्टने नेमकी तीच विंडो कशी ओळखावी?

आपण विचारले आहे की बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधील विंडोचे शीर्षक बिल क्रमांक आणि तारखेप्रमाणे बदलते, त्यामुळे ऑटोहॉटकी या, संगणकावरची कामे आपोआप करणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टला कधी ती विंडो सापडतच नाही, तर कधी स्क्रिप्ट भलत्याच विंडोत टाइप करते. त्याला आपण शेवटी एक वाक्य जोडले आहे: "ऑपरेटर मध्येच दुसरी विंडो उघडतात, त्यांना कसे रोखावे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतोच, पण लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे.

2017 च्या गूळ हंगामात मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचे संगणकाचे काम पाहत होतो. सकाळी सौदे झाले की शेतकऱ्याचा कोड, रवे (गुळाच्या ढेपा), वजन आणि दर एक्सेलमध्ये उतरवले जात आणि तेथून स्क्रिप्ट ते आकडे पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या, सॉफ्टवेअरमध्ये भरत असे. स्क्रिप्ट माझ्या वरिष्ठांनी लिहिलेली होती. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. नोंदीच्या विंडोचे शीर्षक रोमन लिपीत "पट्टी एंट्री", त्यापुढे पट्टी क्रमांक आणि तारीख असे येई. आधी दादांनी पूर्ण शीर्षक जुळवले होते, ते दर पट्टीला बदलू लागल्यावर सुरुवातीचे दोन शब्द घेतले, आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत "एंट्री"चे "न्यू" झाल्यावर सेटटायटलमॅचमोड 2 लावून फक्त "पट्टी" एवढा एकच शब्द ठेवला. या मोडमध्ये तो शब्द शीर्षकात कोठेही असला तरी विंडो जुळते. मी तेव्हाच म्हटले होते की हे फार सैल होते आहे. "चालतंय ना? मग हात लावू नकोस," असे उत्तर मिळाले.

डिसेंबरमधल्या एका दुपारी कागलकडचे एक शेतकरी आदल्या दिवशीची पट्टी घेऊन खिडकीपाशी आले. रवे बरोबर होते, दर चुकला होता. आमच्या ऑपरेटर ताईंनी त्यांना ताटकळत न ठेवता "पट्टी एडिट"ची विंडो उघडली आणि नोंद शोधून पुढ्यात आणली. त्याच वेळी मागे स्क्रिप्ट चालू होती. तिने "पट्टी" हा शब्द शोधला, दोन विंडो जुळल्या, आणि अशा वेळी ऑटोहॉटकी सर्वांत वर असलेली विंडो घेते, म्हणून तिने दुरुस्तीची विंडो घेतली. दोन्ही फॉर्ममध्ये रकान्यांचा क्रम सारखाच होता. एंटर दाबल्यावर दुरुस्ती जतन होऊन तो फॉर्म आपोआप पुढच्या क्रमांकाची पट्टी उघडत असे. त्यामुळे ताईंनी माउस सोडून "अहो, हे काय होतंय?" असे म्हणेपर्यंत आदल्या दिवशीच्या अकरा पट्ट्यांवर आजच्या शेतकऱ्यांचे आकडे बसले होते. बेचाळीस रवे आणलेल्या माणसाच्या नावावर चोवीस दिसत होते.

पट्ट्या सौद्याच्या वहीवरून रात्री साडेनऊपर्यंत पुन्हा भरल्या, पण ठपका ताईंवर आला. स्क्रिप्ट चालू असताना दुसरी विंडो उघडायचीच नाही, असा कागद दादांनी मॉनिटरला चिकटवला, आणि मालकांनी पट्टीचे काम ताईंकडून काढून घेतले. मी समोर उभा होतो आणि काही बोललो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. समोर शेतकरी उभा असताना त्याची नोंद उघडणे हे ऑपरेटरचे कामच आहे. जी स्क्रिप्ट ते काम करू देत नाही, ती अपुरी लिहिलेली आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. शीर्षक हे माणसाने वाचण्यासाठी असते आणि ते बदलणारच, म्हणून ओळखीचा मुख्य आधार ते असू नये. ऑटोहॉटकीसोबत येणारे विंडो स्पाय उघडून, प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव देणारी एएचके_एक्सई आणि विंडोचा प्रकार सांगणारी एएचके_क्लास या दोन ओळी पाहा आणि दोन्ही एकत्र वापरा. शीर्षकाचा न बदलणारा भाग हवा असेल तर त्यांना जोडून वापरा. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये लिहिलेले सॉफ्टवेअर असेल, तर क्लासच्या नावाचा शेपटाकडचा भाग बदलू शकतो; तेथे रेगएक्स मोड (नमुन्यावरून मजकूर जुळवणारा) लावून सुरुवातीचा स्थिर भाग तेवढा जुळवावा.

आमच्याकडे मात्र एवढ्यानेही भागले नसते. ते सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक 6 मधले होते आणि त्यातल्या साध्या फॉर्मचा क्लास सहसा एकच असतो, थंडरआरटी6फॉर्मडीसी. नोंद आणि दुरुस्ती या दोन विंडोंचा प्रोग्रॅमही एक आणि क्लासही एक. मी नंतर विंडो स्पायच्या दिसणाऱ्या मजकुराच्या चौकटीत पाहिले, तेव्हा फरक सापडला: एका विंडोत "सेव्ह" असे बटण होते, दुसऱ्या विंडोत "अपडेट" असे. ऑटोहॉटकीच्या विंडोविषयक फंक्शनांना शीर्षकाबरोबर विनटेक्स्ट, म्हणजे विंडोच्या आतला मजकूर, देता येतो, आणि कोणता मजकूर नसावा हेही सांगता येते. त्या एका शब्दाने अकरा पट्ट्या वाचल्या असत्या. रोमन मजकूर देताना लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी जुळली पाहिजेत, हे लक्षात ठेवावे.

आतल्या मजकुरातही फरक नसेल, तर नवी विंडो उघडण्याआधी जुळणाऱ्या सर्व विंडोंचे हँडल (विंडोजने प्रत्येक विंडोला दिलेला क्रमांक) यादीत घ्यावेत, विंडो उघडल्यावर पुन्हा यादी घ्यावी आणि जो हँडल नव्याने आला तो आपला मानावा. विंडो एकदा सापडली की पुढचे सगळे काम एएचके_आयडी देऊन त्या हँडलवरच करावे, म्हणजे मध्ये शीर्षक कितीही वेळा बदलले तरी फरक पडत नाही. विंडो बंद झाली की तो क्रमांक विंडोज दुसऱ्या विंडोला देऊ शकते, म्हणून हँडल फाइलमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी वापरू नये. आणि जेथे एकच विंडो अपेक्षित आहे तेथे दोन जुळल्या, तर स्क्रिप्टने अंदाज न करता थांबावे आणि पडद्यावर संदेश द्यावा. ही अट दादांच्या स्क्रिप्टमध्ये कधीच नव्हती.

आपण स्लीपची, म्हणजे स्क्रिप्टने नुसते थांबून राहण्याची, वेळ 5 सेकंदांपर्यंत वाढवत नेली आहे, असेही लिहिले आहे. हंगामात नेटवर्क मंदावते तेव्हा 5 चे 15 करावे लागतील, आणि तरीही स्क्रिप्टला समोर काय उघडले आहे ते कळणार नाही. विंडो येईपर्यंत वाट पाहणारी विनवेट ही आज्ञा वापरा, तिला मुदत द्या आणि मुदत संपली तर काम तेथेच थांबवा.

ऑपरेटरला न रोखण्याचा मार्गही यातच आहे. सेंड या आज्ञेने पाठवलेल्या कळा त्या क्षणी पुढे असलेल्या विंडोत जातात. त्याऐवजी कंट्रोलसेटटेक्स्टने, हँडल देऊन, थेट त्या रकान्यात मजकूर भरला, तर ऑपरेटरने मध्ये दुसरी विंडो उघडली तरी आकडे तिकडे जात नाहीत. मात्र या पद्धतीत कळ दाबल्याचा आभास होत नाही, त्यामुळे कळ दाबल्यावर हिशोब करणारे रकाने आधी तपासावेत आणि तसे असेल तेथे त्या रकान्यालाच कळा पाठवणारे कंट्रोलसेंड वापरावे.

हे सारे जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरला लागू आहे. क्रोम आणि क्रोमियमवर उभारलेल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा क्लास सारखाच असतो आणि आतले रकाने विंडोजला वेगळे दिसत नाहीत. तेथे यूआय ऑटोमेशनकडे, म्हणजे पडद्यावरचे घटक ओळखणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, वळावे लागते. सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालू असेल आणि स्क्रिप्ट साध्या अधिकारावर असेल, तर विंडो अचूक ओळखूनही टाइप होणार नाही.

दोन्ही विंडो उघड्या ठेवून विंडो स्पायमध्ये क्लास आणि दिसणारा मजकूर काय येतो ते येथे लिहा, म्हणजे आपल्या बाबतीत नेमका कोणता फरक धरायचा ते सांगता येईल. तोपर्यंत कृपया ऑपरेटरच्या मॉनिटरला कागद चिकटवू नका.