काजू मेळाव्याला पहिल्यांदा जातेयस ना?

जा बिनधास्त! फक्त चहाचा कप धरून कोपऱ्यात उभी राहू नकोस. दिसेल त्याला कार्ड वाटत सुटणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यापेक्षा तिघा-चौघांशीच नीट बोल.

सुरुवात प्रश्नाने कर: "तुमच्याकडे जास्त काय खपतं, २४० की ३२०?" एका पौंडात किती गर बसतात त्यावरची ही ग्रेड, व्यापारी यावर लगेच खुलतो. मग तुझी ओळख दोन वाक्यांत: वेंगुर्ल्याचा माल, महिन्याला किती देऊ शकतेस. भाव तो विचारेपर्यंत काढू नकोस.

घोळक्यात घुसायला संकोच वाटतो? स्टॉलवर एकटा बसलेला गाठ, तोही कंटाळलेलाच असतो. काय ठरलं ते कार्डामागे तिथेच लिही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप. ब्रोशर वगैरे नंतर बघू.