ॲसिड सोडलं तरी पीएच परत तिथंच का येतो?

राम राम दादा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचा सध्या एकच प्रश्न येतोय, ड्रीपमधून ॲसिड सोडलं, मातीचा पीएच 8.3 चा 7 वर आला अन् आठ-दहा दिवसांत परत 8.2, मग ॲसिड डुप्लिकेट होतं का?

ॲसिड ओरिजिनलच असेल हो. बफर, म्हणजे पीएच हलू न देणारी वस्तू, बसलाय तुमच्या जमिनीतच, चुनखडी. ॲसिड पडलं की ती त्याला खाऊन टाकते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो अन् चुनखडी शिल्लक आहे तोवर पीएच फिरून 8.2 च्या आसपासच येणार. ढेकळावर लिंबू पिळून बघा, चर्रर्र करून फेस आला की समजून जा. आता हिशोब करा, एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण 9 लाख किलो माती, चुनखडी 1 टक्का जरी धरली तरी 9 टन झाली, ती संपवायला जवळपास तेवढंच सल्फ्युरिक ॲसिड नाहीतर 3 टनाच्या आसपास गंधक लागेल, अन् रिपोर्टात 5 टक्के आली तर त्याच्या पाचपट! कोण घालणार एवढा पैसा? म्हणून जमिनीचा पीएच उतरवायच्या नादी लागूच नका.

बोअरच्या पाण्याचं पण तेच, तिथं बायकार्बोनेट असतं. बादलीत थोडं थोडं ॲसिड टाकत मीटर बघा, साडेसहाजवळ आला की काटा हलतच नाही, टाकत राहा टाकत राहा, अन् साडेचारच्या खाली गेला की एकदम धाडकन 3! बायकार्बोनेट संपलं ना. पावसाच्या पाण्यात हा बफर नसल्यासारखाच, तिथं दोन थेंबात काम होतं, म्हणून शेजाऱ्याचा डोस आपल्या टाकीला लावू नका, आपल्याच बादलीवरून काढा अन् 6 ते 6.5 ला थांबा. लॅटरलमधला, म्हणजे ड्रीपच्या नळ्यांमधला, चुना काढायला मात्र ॲसिड कामाचंच आहे.

नवीन पानं पिवळी अन् शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह उचललं जात नाहीये. लोह धरून ठेवणाऱ्या द्रव्यासोबत (चिलेट) मिळतं, पण अशा जमिनीतून ईडीटीए चिलेटवालं लोह देऊन उपयोग नाही, ईडीडीएचए चिलेटवालं घ्या, महाग आहे पण टिकतं. सोबत शेणखत. पीएच 8.5 च्या वर असेल तर मामला सोडियमचा असू शकतो, आधी माती तपासा, जिप्समचं नंतर बघू.

अन् हो, ॲसिड पाण्यात टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, चष्मा-हातमोजे घालूनच.