हेम्प पेरायचा सल्ला कोण देतंय, ते आधी बघा

प्रश्न: डीलर हेम्पचं (कमी नशेच्या भांगेच्या झाडाचं) बी, परवाना आणि माल परत घ्यायचा करार असं एकत्रच देतोय. सोयाबीनऐवजी लावावं का? जमीन बटाईने दिली असेल तर आपली जबाबदारी किती? (महू, सांवेर, देपालपूर; जि. इंदूर)

उत्तर: लावू नका. डीलरची पावती म्हणजे परवाना नव्हे.

एनडीपीएस (अंमली पदार्थांचा) कायदा, 1985 प्रमाणे विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ‘ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ऑफिसातून काढून देतो’ हे तर शुद्ध थाप. ते खातं मंदसौर-नीमचकडच्या अफूचे पट्टे, म्हणजे लागवडीचे परवाने, देतं. हेम्पची परवानगी सरकारच्या आदेशाने मिळते. धागा-बियाण्यासाठी त्याच कायद्याचं कलम 14 आहे. तुमचं नाव आणि खसरा नंबर असलेला लेखी आदेश हातात येईपर्यंत बी घरात आणू नका. ‘पाऊस आलाय, पेरून टाका, कागद मागून येईल’ असं सांगणारा बी विकून मोकळा होतो, शेत तुमचं असतं.

दुसरी थाप खाण्याच्या मालाची. एफएसएसएआयने (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) 2021 मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं, पान-फूल नाही. ती मान्यता विकण्याची, पेरण्याची नव्हे. भांगेचं दुकान सरकारमान्य असतं, म्हणून भांग शेतात चालते असंही नाही. उत्तराखंडचे व्हिडिओ दाखवतात. तिथे राज्याचा परवाना लागतो आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांच्या आत लागतं. ते पिशवीवरच्या छापावर नाही, प्रयोगशाळेत ठरतं.

जमीन बटाईने देणाऱ्यांनो, त्याच कायद्याचं कलम 46 वाचा. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाली तर ताबडतोब कळवणं मालकाचं काम आहे. माहीत असून कळवलं नाही तर मालकालाही शिक्षा आहे. इंदुरात राहत असलात तरी शेतावर लक्ष ठेवा.

धाग्याच्या पिकाचीच हौस असेल तर ताग (सनई, ज्यूट नव्हे) पेरा, परवाना लागत नाही. मी तो हिरवळीच्या खतासाठीच सांगतो. पुढे गहू घ्यायचाय त्या एका तुकड्यात पहिल्या पावसावर एकरी 20 ते 25 किलो बी टाका. युरिया दाणाभरही नको, शेंगवर्गीय पीक आहे. टॉनिकची बाटली तर दुकानातच राहू द्या. 45 दिवसांच्या आसपास, फुलं लागायच्या बेताला, ओल असताना गाडा. ‘अजून वाढू द्या, खत जास्त मिळेल’ हाही दुकानातलाच सल्ला. उशीर झाला की काड्या निबर होतात, लवकर कुजत नाहीत आणि गव्हाच्या पेरणीत आडव्या येतात. बियाण्यावर अनुदान आहे का, ते ब्लॉकच्या वरिष्ठ कृषी विकास अधिकाऱ्याला विचारा. डीलरला नको.