जाखडीची गाणी आणि ‘कायमस्वरूपी’ची सही

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं शक्ती-तुऱ्याचं, म्हणजे जाखडी नाचाचं मंडळ आहे. गाणी मी लिहितो, गातात आमचे शाहीर. मुंबईची एक कंपनी सहा गाण्यांचे ३०,००० रोख आणि पुढे निव्वळ उत्पन्नाचे ३० टक्के द्यायला तयार आहे. गणपतीआधी सही हवी म्हणतात. मसुदा सोबत जोडला आहे. करू का सही?

उत्तर : आहे तशी नको. मसुद्यात ‘सर्व हक्क, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी’ असं म्हटलंय. मुदत आणि प्रदेश लिहिलेच नसते, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरलं गेलं असतं. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ खोडून ५ वर्षं घाला.

‘निव्वळ’चा हिशेब मांडून बघा. गाण्यांनी ४०,००० कमावले आणि कंपनीनं रेकॉर्डिंग, शूटिंग, जाहिरातीचे ३५,००० वजा केले, तर तुमच्या हाती १,५००. एकूण उत्पन्नावर तेच १२,००० होतात. निव्वळवरच अडून बसले, तर खर्चाची यादी आणि कमाल रक्कम करारातच लिहून घ्या. सहामाही हिशेबही मागा.

मसुद्यातल्या ‘मानधनात रॉयल्टी आली’ या वाक्याला घाबरू नका. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीला सोडूनच देता येत नाही. कायदा समसमान वाटा म्हणतो, म्हणून ३० टक्क्यांवरही घासाघीस कराच. शाहिरांचा गायक म्हणून हक्क वेगळा. त्यांच्या वतीनं तुम्ही सही करू नका.

खरी मेख मसुद्याच्या नवव्या कलमात आहे : ‘गाणी पूर्णपणे स्वतंत्र असून दावा आल्यास भरपाई लेखक देईल.’ सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायचा जाखडीतला रिवाज तुम्हाला सांगायला नको. अंगणात कोणी हटकत नाही. रेकॉर्ड निघाली की चालीचा मालक दावा लावतो आणि ३०,००० घेऊन लाखाची भरपाई तुमच्या गळ्यात. सहापैकी अशी गाणी असतील तर ती वगळा, नाहीतर परवानगी कंपनीनं काढायची असं लिहून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीपुढे ‘चाल पारंपरिक’ लिहा आणि हमी फक्त शब्दांची द्या.

आणखी एक वाक्य वाढवून घ्या : मंडळाला ही गाणी नाचात गाण्याचा आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर टाकण्याचा हक्क राहील. नाहीतर गौरीच्या रात्रीचा तुमचाच व्हिडिओ यूट्यूबवर चढवाल आणि त्यावर कंपनीचा दावा येईल.